गाडी खालून बघावी

रे रोडला माझ्याकडे जुनी गाडी दाखवायला येणारा माणूस बहुतेक लालबाग, परळ, काळाचौकी, घोडपदेव नाहीतर दादरचा असतो, आणि त्याचा निर्णय मुंबईत झालेलाच नसतो. तो गावी होतो. गणपतीत चुलतभावाने अंगणात उंच काळी गाडी आणून लावलेली असते आणि आपण एसटीच्या जादा गाडीतून रात्रभर अवघडून उतरलेलो असतो. अनंत चतुर्दशी उलटली की माझा फोन वाजायला लागतो. "मामा, सहा-सात लाखांपर्यंत जमेल. जुनी एसयूव्ही घेऊ की जुनी सेडान?"

या प्रश्नाला मी फोनवर उत्तर देत नाही, कारण देता येत नाही. नव्या गाड्यांची तुलना कागदावर होते. कारखान्यातून निघताना सगळ्या सारख्याच असतात. जुन्या गाडीचं तसं नाही. एकाच महिन्यात, एकाच रंगात निघालेल्या दोन गाड्या आठ-नऊ वर्षांनी माझ्या जॅकवर चढतात, तेव्हा त्यांच्यात काही नातं उरलेलं नसतं. एक कुणी दर रविवारी शिवाजी मंदिरला नाटकाला नेलेली असते, दुसरी कुणाच्या तरी निवडणुकीत रात्रंदिवस पळालेली असते. म्हणून मी म्हणतो, एसयूव्ही बरी की सेडान बरी हे सोडा. ही एसयूव्ही बरी की ही सेडान, ते बघू. दोन्ही घेऊन या.

मोटार मेकॅनिकचा ट्रेड मी आयटीआयमध्ये केला, पण गाडी बघायला शिकलो तो स्टेशनच्या पूर्वेकडच्या एका गॅरेजात, उस्तादांच्या हाताखाली. तेव्हा कामाला येणाऱ्या निम्म्या गाड्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सी असायच्या, आपल्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत ऑक्टोबर २००३ मध्ये पासिंग झाली आणि वीस वर्षांची मुदत भरून ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेली. त्या पद्मिनीच्या टपावर कॅरियर, कॅरियरवर ट्रंका, आत मांडीवरच्या पोरांसकट सात-आठ माणसं, अशी आमची अर्धी वाडी कोकणात जाऊन आलेली आहे. तिला कुणी एसयूव्ही म्हणत नव्हतं.

आता दुरुस्तीचं काम मुलगा आणि त्याचे दोन साथीदार बघतात. मी जास्त करून लोकांना गाडी विकत घेण्याआधी बघून देतो. पैसे घेणाऱ्याकडून घेतो. विकणाऱ्याचा आणि एजंटचा चहासुद्धा घेत नाही. चहा घेतला की तोंड गोड होतं आणि मग 'किरकोळ काम आहे' असं बोललं जातं.

ही जागा या कामाला बरी आहे. रस्त्याचं नाव आता बॅरिस्टर नाथ पै मार्ग. नाथ पै राजापूरचे खासदार होते, आणि माझी निम्मी गिऱ्हाइकं त्याच पट्ट्यातली. रुळांच्या पलीकडे दारूखाना: भंगार लोखंड, गॅसकटरचा वास, जहाजं तोडण्याचा जुना धंदा. आपली पहिली विमानवाहू नौका 'विक्रांत' २०१४ साली इथेच तुटली, आणि तिचं लोखंड वितळवून बजाजने २०१६ मध्ये 'व्ही' ही मोटारसायकल काढली. अशा वस्तीत वाढलेल्याला रंगाचं कौतुक कमी असतं. पत्र्यावर बोट वाकवून टकटक केलं की खाली लोखंड आहे की पुट्टी, हे आवाजावरून कळतं. पॉलिश केलेल्या बॉनेटपुढे उभा राहिलो की उस्ताद ओरडायचे, "ऊपर क्या देखता है, नीचे घुस!" अजून मी तेच करतो.

पण खाली घुसण्याआधी मेजरिंग टेप काढतो, कारण एसयूव्हीबद्दल लोकांच्या डोक्यात जे असतं त्यातलं बरंचसं टेपपुढे टिकत नाही. २०१४ साली आलेली होंडा सिटी ४,४४० मिलिमीटर लांब आहे. मारुती सियाझ ४,४९०. पहिली क्रेटा ४,२७०, डस्टर ४,३१५ आणि ब्रेझा ३,९९५. म्हणजे जिला लोक मोठी गाडी म्हणतात ती लांबीला लहान, आणि जिला छोटी म्हणून नाकारतात ती चाळीच्या गल्लीत मागची स्कूटर हलवायला लावणारी. एसयूव्ही वाढते ती रुंदीत. सिटी १,६९५, डस्टर १,८२२. मेस्त्रीच्या हातगाडीशेजारून गाडी काढताना आरसा मिटवायचा की नाही, हे त्या पाच इंचांवर ठरतं. सामानाचं म्हणाल तर सिटीची डिकी ५१० लिटरची आणि ब्रेझाची ३२८. गणपतीचं मखर, तांदळाचं पोतं आणि परतीचे नारळ यातल्या कुठल्या डिकीत जातील ते सांगायला मेकॅनिक लागत नाही.

राहिली उंची. सिटीचं पोट जमिनीपासून १६५ मिलिमीटरवर, सियाझचं १७०, क्रेटाचं १९०, ब्रेझाचं १९८, डस्टरचं २०५. कमीत कमी आणि जास्तीत जास्त यांत चाळीस मिलिमीटरचा फरक. मी गिऱ्हाइकाला दोन बोटं जोडून दाखवतो: एवढं. या दोन बोटांसाठी लोक दीड-दोन लाख जास्त मोजतात. ती दोन बोटं कधी कधी खरंच कामाला येतात, ते पुढे सांगतोच.

आणखी एक गोष्ट लोकांना पटत नाही. सियाझ डिझेल आणि त्या काळातली ब्रेझा डिझेल या दोघींत इंजिन एकच, १,२४८ सीसीचं, मूळ फियाटचं. रेनॉचं दीड लिटरचं डिझेल बुटक्या लोगनमध्येही होतं आणि उंच डस्टरमध्येही. स्कॉर्पिओसारख्या गाडीला खाली वेगळी चेसिस असते आणि वर बॉडी बसवलेली असते. पण आजकाल ज्यांना एसयूव्ही म्हणतात त्यातल्या बहुतेकींना अशी चेसिस नाही. त्यांची बांधणी सेडानसारखीच, बॉडी हाच सांगाडा. उंच दिसते म्हणून दणकट, हा हिशेब खोटा.

बाजारात मात्र हाच हिशेब चालतो. नव्या गाड्यांत निम्म्याहून जास्त खप आता उंच गाड्यांचाच आहे, आणि जुन्यांच्या बाजारातही रांग त्यांनाच. सेडानला विचारणारं कुणी नाही. त्यामुळे तेवढ्याच पैशांत सेडान घेतली तर ती दोन-तीन वर्षं तरुण आणि कमी पळालेली मिळते, असा माझा अनुभव. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी उतरला, नव्या छोट्या गाड्या स्वस्त झाल्या, तसे जुन्यांचे भावही खाली आले. एजंट लोक मात्र जुना भाव सहजी सोडत नाहीत. ताणून धरा.

परळच्या एका जोडप्याचं सांगतो. नवरा खासगी कंपनीत अकाउंट्सला, बायको हॉस्पिटलात स्टाफ नर्स, घरात सासूबाई आणि एक शाळकरी मुलगी. गाव संगमेश्वराच्या आत, हमरस्ता सोडून. नवऱ्याचं मन एसयूव्हीवर जडलेलं, बायकोने ओळखीतून एक सेडान काढलेली. एका रविवारी सकाळी दोन्ही गाड्या माझ्याकडे आल्या. गाड्यांची नावं सांगत नाही. जे निघालं त्यात बनवणाऱ्याचा दोष नव्हता.

एसयूव्ही एजंटने आणली. २०१६ ची डिझेल, एमएच-१४, सेकंड ओनर, मीटरवर बासष्ट हजार. काय चमकत होती! टायर चारही कोरे, सीटकव्हर नवं, आत लिंबाचा वास. नवऱ्याने आल्या आल्या तिच्यासमोर उभं राहून मुलीकडून फोटो काढून घेतला. मी मनात म्हटलं, भाव वाढला.

कोऱ्या टायरांचं मला कधीच कौतुक वाटत नाही. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. बासष्ट हजारांवर नवे टायर घातले, हे समजण्यासारखं आहे. पण डिकीतली स्टेपनी काढली तर तीसुद्धा मूळची नव्हती, २०२० ची होती आणि पूर्ण झिजलेली होती. म्हणजे मधे एक अख्खा संच येऊन गेला. मग क्लचचं पेडल बघितलं. रबराच्या रेघा पुसून ते गुळगुळीत झालेलं. सीटकव्हर नवं घालता येतं, पेडलचं रबर बदलायला मात्र कुणाला आठवत नाही. बासष्ट हजारांत पेडल असं होत नाही. मीटर मागे फिरवलेलं होतं, आणि ते कुणी फिरवलं हे विचारण्यात अर्थ नव्हता. एजंटलाही माहीत नसेल.

मग जॅक लावून खाली गेलो. खालून सगळं काळंभोर, ताजं अंडरकोटिंग. कोकणात जाणाऱ्या गाडीला, समुद्राकाठी उभ्या राहणाऱ्या गाडीला कोटिंग हवंच, मी स्वतः करून देतो. पण नऊ वर्षांच्या गाडीला विकायच्या आठवड्यात कोटिंग होतं, तेव्हा ते गंज अडवायला नसतं, झाकायला असतं. स्क्रूड्रायव्हरने खरवडलं तर उजव्या बाजूला पुढे वेल्डिंगची हाताने ओढलेली रेघ सापडली. कंपनीचं वेल्डिंग ठिपक्यांचं असतं, सारख्या अंतरावर, बटणं लावल्यासारखं. वर बॉनेट उघडून त्याच बाजूचा ॲप्रन बघितला: ठिपके गायब, सीलंट बोटाने फासलेलं, बॉनेटच्या बोल्टांवर पान्याच्या खुणा. पुढची काच २०१९ ची, बाकीच्या २०१६ च्या. गाडी पुढून उजवीकडे चांगलीच ठोकलेली होती.

ठोकलेली गाडी घेऊच नये, असं मी म्हणत नाही. नीट ओढून सरळ केलेली गाडी वर्षानुवर्षं चालते. पण पुढे जोराने ठोकली म्हणजे एअरबॅग उघडल्या असणार, आणि उघडलेल्या एअरबॅग बदलायला मोठा खर्च येतो. म्हणून किल्ली फिरवली, इंजिन सुरू न करता. डॅशबोर्डवर सगळे दिवे लागतात, त्यात एअरबॅगचाही लाल दिवा लागतो आणि काही सेकंदांनी विझतो. विझला नाही तर बिघाड आहे, हे सगळ्यांना कळतं. पण तो लागलाच नाही तर? तर कुणीतरी तो मुद्दाम बंद केलाय. या गाडीचा लागला नाही. एजंट म्हणाला, "बल्ब गेला असेल, काका." मी स्कॅनर लावला. इंजिन बोललं, ब्रेकचं एबीएस बोललं, एअरबॅगच्या मॉड्यूलने उत्तरच दिलं नाही.

नवरा गप्प झाला, पण नजर अजून गाडीच्या उंचीवरच. बायकोने विचारलं, "मामा, म्हणजे उद्या कुठे ठोकली तर यातून काहीच उघडणार नाही?"

"नाही, वहिनी."

"मग उंचीचं काय करायचंय आपल्याला?" हे तिने नवऱ्याला विचारलं.

सेडान हिंदू कॉलनीतल्या एका निवृत्त गृहस्थांची. तीही २०१६ ची, पेट्रोल, एमएच-०१, एकच मालक, एकतीस हजार. पॉलिश नाही, चारही बाजूंना बारीक ओरखडे. मुंबईतल्या गाडीवर असे ओरखडे असलेच पाहिजेत. नसले तर रंग कधी मारला ते विचारावं. टायर पाचही मूळचे, २०१६ चेच, खाचा अजून खोल. एकतीस हजार खरे असल्याचा याहून चांगला पुरावा नाही. पण रबराला बारीक भेगा पडलेल्या. न वापरलेला टायरही म्हातारा होतो, कडक होतो, पावसात धरत नाही. पाचही बदलावे लागणार होते. खाली इंजिनचं ऑइल चेंबर स्पीडब्रेकरला घासून चेपलेलं, पुढच्या लोअर आर्मचे बुश सुकलेले, बॅटरी मेल्यात जमा. बंद गाडीचे हे रोग. वहीत लिहून काढले, प्रत्येकापुढे रक्कम घातली.

तरीही माझं मन निर्धास्त नव्हतं, कारण गाडी दादर पूर्वेची होती. हिंदमाता तिथून जवळ. मुंबईकराला हिंदमाता म्हटलं की चित्रपटगृह आठवायच्या आधी पाणी आठवतं. भाग बशीसारखा खोल, भरतीच्या वेळी जोराचा पाऊस आला की पाणी समुद्रात जात नाही. ते उपसायला पालिकेने आमच्या रे रोडलाच ब्रिटानिया पंपिंग स्टेशन बांधलं. २०१६ पासून ते चालू आहे. त्याने पाणी लवकर उतरतं, पण पाणी तुंबतच नाही असं कुणी म्हणणार नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतर किती महिने आम्ही फक्त बुडालेल्या गाड्याच उघडत होतो. २९ ऑगस्ट २०१७ नंतर पुन्हा तेच. बुडालेली गाडी धुऊन, वाळवून, अत्तर मारून बाजारात येते आणि वर्षभराने तिच्या वायरिंगला हिरवा गंज चढायला लागतो. आज काच खाली होत नाही, उद्या सेंट्रल लॉक अडतं, परवा गाडी मधेच बंद. या दुखण्याला औषध नाही.

पाण्याच्या बाबतीत सेडान कमनशिबी, हे मान्य केलंच पाहिजे. तिची हवा ओढणारी नळी साधारणपणे खाली असते. पाणी हवेबरोबर सिलिंडरमध्ये शिरलं की ते दाबलं जात नाही आणि आतला कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नये, ते याचसाठी. साध्या विमा पॉलिसीत हे नुकसान बहुधा बसतही नाही. इंजिनचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं. एसयूव्हीला इथे ती दोन बोटं आणि वरची नळी वाचवते. फक्त एसयूव्हीवाले पाण्यात शिरतातही जास्त, त्यामुळे माझ्याकडे बुडालेल्या दोन्ही येतात.

तर या सेडानचे पट्टे ओढले. सीटबेल्ट पूर्ण, शेवटपर्यंत ओढायचा. धुणारा माणूस वरचा दिसणारा भागच धुतो, आत गुंडाळलेल्या टोकावर चिखलाची रेघ तशीच राहते. रेघ नव्हती. सीटच्या रुळांचे बोल्ट स्वच्छ, कार्पेटखालचा फोम कोरडा, स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ नाही, जॅकवर मूळचा रंग. हेडलाइटच्या आत धुकं नाही. फ्यूजबॉक्स उघडला, पितळी टोकं चमकत होती. आजोबा शेजारी उभे राहून सगळं बघत होते. म्हणाले, "पाणी भरायच्या दिवशी मी गाडी काढतच नाही हो, आणि आमचं पार्किंग चढावर आहे." माणूस खरं बोलत होता. पण मी त्यांच्या शब्दावर नाही, पट्ट्याच्या टोकावर विश्वास ठेवला.

चालवून बघायला मला लांब जावं लागत नाही. आधी दारूखान्याच्या आतले रस्ते, ट्रेलरनी फोडलेले. तिथे काचा बंद, एसी बंद, रेडिओ बंद, दहाच्या वेगाने. गिऱ्हाइकाला मागे बसवतो, कारण मागचे आवाज चालवणाऱ्याला ऐकू येत नाहीत. मग रे रोडचा नवा केबलचा पूल, मे २०२५ मध्ये खुला झालेला, त्याच्या चढावर क्लच तपासायचा. तिथून ऑरेंज गेटला जाऊन फ्रीवेवर चढायचं आणि ऐंशीपर्यंत न्यायचं. स्टेअरिंग थरथरतं का, ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते का, एवढंच. त्या एसयूव्हीला मी फ्रीवेवर नेलीच नाही.

आता गावाकडचा रस्ता. नवऱ्याने विचारलेला प्रश्न रास्त होता: मुंबई-गोवा महामार्गाचे खड्डे आणि घरापर्यंतचा जांभ्या दगडाचा चढ, तिथे सेडानचं पोट लागणार नाही का? लागेल. १६५ मिलिमीटर हा रिकाम्या गाडीचा आकडा; पाच माणसं आणि भरलेली डिकी घेतली की मागून ती आणखी बसते. काही लोक स्प्रिंगमध्ये रबराचे ठोकळे घालून ती उचलून घेतात. मी घालून देत नाही. शॉकॲब्सॉर्बर लवकर जातात आणि वळणावर गाडी झुलते. माझा उपाय फुकटचा आहे: शेवटच्या चढाला माणसं उतरवा. कशेडी घाटाला बोगदा झाल्यापासून महामार्गाचा त्रास थोडा कमी झाला आहे, आणि गावच्या चढावर शंभर पावलं चालल्याने कुणाचं काही बिघडत नाही. वर्षातून दोनदा शंभर पावलं, त्यासाठी उरलेलं वर्ष परळच्या सिग्नलला जड गाडी आणि महागडे टायर का पोसायचे?

माझं हे म्हणणं सगळ्यांना लागू नाही. ज्यांच्या घरापर्यंत वर्षभर चिखल, ज्यांचं कामच डोंगरात, त्यांनी सेडानच्या वाटेला जाऊ नये. आणि गुडघे. हा मुद्दा जाहिरातीत कधी येत नाही, पण माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या घरांत तोच खरा असतो. लालबागच्या एका मुलाला मी स्वतःहून एसयूव्ही घ्यायला लावली. त्याच्या आईच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली. सेडानमध्ये बसताना माणूस खाली जातो आणि उतरताना स्वतःला वर उचलतो. मधल्या उंचीच्या एसयूव्हीत सीट बरोबर कमरेच्या रेषेत येते, नुसतं सरकायचं. स्कॉर्पिओसारखी फार उंच गाडी मात्र तितकीच वाईट, तिथे चढावं लागतं. त्या माउलीला दोन्ही प्रकारच्या गाड्यांत बसवून बघितलं आणि मगच ठरवलं. परळच्या घरातल्या सासूबाईंना मीच विचारलं, "मावशी, बसून उतरून दाखवा बरं." त्या सेडानमधून पोरीसारख्या उतरल्या आणि म्हणाल्या, "मी अजून तीन जिने चढते."

टॉवरात राहायला गेलेल्यांसाठी आणखी एक गोष्ट. लालबाग-परळच्या पुनर्विकासात मिळणारं पार्किंग बऱ्याच ठिकाणी यांत्रिक असतं, एकावर एक. त्यातले काही कप्पे सेडानच्या उंचीचेच असतात. सिटी १,४९५ मिलिमीटर उंच, आरामात बसते. एसयूव्ही बसत नाही, मग ती रस्त्यावर राहते आणि चलन खाते. गाडी घेण्याआधी सोसायटीत कप्प्याची उंची आणि वजनाची मर्यादा विचारा.

डिझेलबद्दल थोडक्यात. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो साफ व्हायला गाडी मधून मधून लांब, सलग पळावी लागते. परळ ते नरिमन पॉइंट एवढंच रोज जाणाऱ्याचा फिल्टर तुंबतो. महिन्याला दीड हजार किलोमीटर होत नसतील तर पेट्रोल घ्या, ॲव्हरेज कमी मिळालं तरी. आणि दिल्लीहून आलेल्या स्वस्त डिझेल एसयूव्हीचा मोह टाळा. तिथल्या डिझेल गाड्यांवरच्या दहा वर्षांच्या नियमामुळे अशा गाड्या इकडे येत आल्या आहेत. पण महाराष्ट्राचा एकरकमी कर पुन्हा भरावा लागतो आणि स्वस्ताई तिथेच संपते.

कागदपत्रं एजंटवर सोडू नका. आरसी बुकात गाडी कधी टॅक्सी होती का बघा. पिवळ्या पाटीच्या अनेक सेडान खासगी करून विकल्या जातात. कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत आणि फॉर्म ३५, हस्तांतराला २९ आणि ३०, एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला नवी नंबरप्लेट, थकलेली ई-चलनं विकणाऱ्याच्या खिशातून. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर. नो क्लेम बोनस जुन्या मालकाचा, तो तुम्हाला मिळत नाही.

परळच्या जोडप्याने सेडान घेतली. टायर, बुश, बॅटरी मिळून जी रक्कम मी वहीत लिहिली होती ती आजोबांनी किमतीतून वजा केली, एक शब्द न बोलता. नवऱ्याने नंतर एकदाच विचारलं, "मामा, पण फोटोत ती दुसरी भारी दिसत होती ना?" दिसत होती, यात वाद नाही.

तुम्हाला यायचं असेल तर सकाळी या, आणि विकणाऱ्याला सांगा, गाडी आधी सुरू करून ठेवू नका, माझ्यासमोर थंड इंजिनवरच सुरू करायची. पहिल्या मिनिटाचा धूर आणि खडखड गरम इंजिन लपवतं. गाडी माझ्यापर्यंत आणायची नसेल, जिथे आहे तिथेच बघणार असाल, तर गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर त्या दिवशी टोकन देऊ नका.